समुद्रातले सूक्ष्मजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावर लाटा चमकल्या, बांगडा खाऊन कुणाच्या अंगावर गांध्या उठल्या किंवा भारताची माणसं नेणारी पाणबुडी बातम्यांत झळकली, की ठरावीक प्रश्न पुन्हा येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे वर, अडचणीचे खाली. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं तर नितळ दिसतं. मग त्यात जीव आहेत तरी किती?

चहाचा एक चमचा भरून वरच्या थरातलं पाणी घेतलं, तर त्यात साधारण ५० लाख जिवाणू असतात आणि त्यांच्या दसपट विषाणू. शिवाय एकपेशीय शैवालं, बुरशी आणि आर्किया. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण त्यांचा वंश पूर्ण वेगळा. चार-पाच हजार मीटर खाली गेल्यावर आकडा बराच घसरतो, तरी तिथल्या चमच्यातही हजारोंनी, कधी लाखभर पेशी सापडतात.

विषाणूंचं ऐकून दचकायचं कारण नाही. त्यातले बहुतेक सगळे जिवाणूंच्या मागे लागलेले असतात. समुद्रातल्या जिवाणूंपैकी अंदाजे पाचवा हिस्सा ते रोज फोडतात. फुटलेल्या पेशीतलं नत्र, स्फुरद आणि लोह पाण्यात परत येतं आणि उरलेल्यांचं त्यावर भागतं. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर समुद्र मुळात सूक्ष्मजीवांचाच आहे. मासे आपल्याला महत्त्वाचे वाटतात कारण ते ताटात येतात.

२. "आपण घेतो तो ७० टक्के ऑक्सिजन समुद्र देतो" असा मेसेज फिरतो. खरं आहे का?

अर्धंमुर्धं. पृथ्वीवर दरवर्षी होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रात होतं, तेही मुख्यतः सूक्ष्म प्लवकांकडून, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या जीवांकडून. पण तिथे तयार झालेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन तिथलेच जीव श्वासात वापरून टाकतात. आपण घेतो तो ऑक्सिजन म्हणजे कोट्यवधी वर्षांत हवेत साठलेली शिल्लक आहे. त्या साठ्याचं बरंच श्रेय समुद्री सूक्ष्मजीवांना जातं हे मात्र खरं.

या मेसेजमध्ये ज्याचं नाव यायला हवं आणि कधीच येत नाही, तो म्हणजे प्रोक्लोरोकोकस. सुमारे ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा जिवाणू प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत सर्वांत लहान आणि संख्येने सर्वांत जास्त. इतका मुबलक असूनही तो १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कुणाला दिसला नव्हता. सॅली चिझम आणि रॉबर्ट ओल्सन यांनी पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडणारं यंत्र जहाजावर नेलं, तेव्हा तो सापडला. आधी वाटलं होतं की हा यंत्राचाच गोंगाट आहे.

३. "खोल समुद्र" कुठून सुरू होतो? मुंबईसमोर आहे का?

साधारण २०० मीटरखाली प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड उरत नाही. तिथून खोल समुद्र मोजतात. १,००० मीटरनंतर सूर्यप्रकाश अजिबात नाही. तळाजवळचं पाणी बहुतेक ठिकाणी २ ते ४ अंश सेल्सिअस, आणि दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढ्याने, वाढतो.

मुंबईसमोर मात्र फार दूर जावं लागतं. आपला खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, तिथे इतका रुंद आहे, की मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब असूनही तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर आहे. दक्षिणेकडे जावं तसा हा मंच अरुंद होत जातो.

४. उजेड नाही, झाडं नाहीत. मग खाली खातात काय?

बहुतेक सगळे वरून पडलेलं खातात: मेलेलं प्लवक, प्राण्यांची विष्ठा, चिकट कण. हे कण सतत भुरभुरत खाली येतात, पण वाटेतच त्यांचा फडशा पडतो आणि तळापर्यंत एखादा टक्का पोचतो.

दुसरा मार्ग फेब्रुवारी १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ सापडला. ‘अल्विन’ ही पाणबुडी सुमारे २,५०० मीटर खोल उतरली होती. शोध चालला होता समुद्रतळावरच्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांचा. मोहिमेवर भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, कारण तिथे जीव भेटतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. भेटले ते पांढऱ्या नळ्यांतून लालभडक तुरे बाहेर काढणारे, पुढे दोन मीटरपर्यंत लांब भरलेले कृमी, आणि मोठाले शिंपले. नमुने टिकवायला फॉर्मलिन पुरेसं नव्हतं, म्हणून काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणले.

या नळीकृमींना तोंड नाही, आतडं नाही, गुदद्वार नाही. मग जगतात कसे? उत्तर सुचलं कॉलीन कॅव्हेनॉ या हार्वर्डच्या विद्यार्थिनीला. एका व्याख्यानात कृमीच्या शरीरातल्या एका मऊ अवयवात गंधकाचे स्फटिक आढळल्याचा उल्लेख झाला आणि तिने तिथल्या तिथे सांगितलं, की त्या अवयवात गंधकावर जगणारे जिवाणू असणार. १९८१ साली ते सिद्ध झालं. कृमी आपल्या तुऱ्याने झऱ्यातला हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्यातला ऑक्सिजन टिपून रक्तावाटे आत पोचवतो. जिवाणू त्यातून ऊर्जा काढून कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. जिवाणू कृमीचे भाडेकरू म्हणावेत, की कृमी हेच जिवाणूंचं घर म्हणावं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

५. म्हणजे ही जीवसृष्टी सूर्याशिवाय चालते?

इथे पुस्तकंसुद्धा घसरतात. वर सांगितलेला जिवाणू गंधक जाळतो तो ऑक्सिजन वापरून, आणि तो ऑक्सिजन शेवटी उजेडात, प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला. त्यामुळे नळीकृमीची सूर्याशी नाळ तुटलेली नाही. खरोखर स्वतंत्र म्हणावेत असे काही आर्किया आहेत, जे खडकातून निघणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही, उलट तो त्यांना विष आहे. दुसऱ्या ग्रहांवर जीव शोधणारे म्हणूनच नळीकृमींपेक्षा या साध्या आर्कियांकडे जास्त लक्ष देतात.

६. एवढ्या दाबाखाली ते चिरडत कसे नाहीत?

चिरडते ती पोकळी. जिवाणूच्या पेशीत हवा नसते. आत पाणी, बाहेर पाणी, दाब दोन्हीकडे सारखा. खरी अडचण बारीक आहे: दाबाने पेशीचं स्निग्ध आवरण थिजतं आणि प्रथिनांचा आकार बिघडतो. खोलवरचे जिवाणू आवरणात जास्त असंपृक्त मेद घालून ते पातळ ठेवतात. १९८१ साली अरिस्टिडीस यायानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या मारियाना या सर्वांत खोल गर्तेतून असा जिवाणू वेगळा केला, जो आपल्या वातावरणाच्या दाबाला वाढतच नाही. गर्तेच्या तळाशी दाब हजार वातावरणांहून अधिक असतो. असे जीव अभ्यासायचे तर दाब सांभाळणाऱ्या पोलादी भांड्यातूनच वर आणावे लागतात.

७. थंडी आणि दाबात वस्तू सडत नाही ना? मग कचरा खोल समुद्रात टाकला तर काय बिघडलं?

नेमकं हेच बिघडतं. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी ‘अल्विन’ पाण्यात उतरवताना तारा तुटल्या. माणसं उड्या मारून वाचली, पण पाणबुडी जेवणाच्या डब्यासकट सुमारे १,५४० मीटर खोल तळाला गेली. दहा महिन्यांनी ती वर काढली तेव्हा सँडविच भिजलेले होते, पण आतलं मांस आणि पाव ताजे दिसत होते. सफरचंदं जवळपास जशीच्या तशी, थर्मासमधलं सूप चवीला चांगलं. तेच पदार्थ प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ३ अंशाला ठेवले, तर काही आठवड्यांत नासले.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होल्गर यानाश यांनी यावरून रीतसर प्रयोग केले. समुद्राखाली ठेवलेलं अन्न, त्याच तापमानाला प्रयोगशाळेत ठेवलेल्या अन्नाच्या तुलनेत, दहा ते शंभर पट सावकाश कुजलं. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: कचरा जिरवायला खोल समुद्र ही वाईट जागा आहे. तिथे तो नाहीसा होत नाही, नुसता दिसेनासा होतो.

अपवादही आहे. डब्यातले जिवाणू जमिनीवरचे होते, त्या दाबाला न सरावलेले. तिथलेच जिवाणू, आणि मुख्य म्हणजे तिथले कोळंबीसारखे मुर्दाडखाऊ प्राणी, मेलेला मासा सापडला तर झपाट्याने संपवतात. डबा बंद होता म्हणून त्यांना सँडविच मिळालं नाही.

८. उकळत्या पाण्यात जीव असतो हे खरं?

उकळत्याच्याही वर. तळावरच्या उष्ण झऱ्यांच्या काळ्या धुराड्यांतून निघणारं पाणी ३५० अंशांच्या पुढे जातं, पण दाबामुळे उकळत नाही. त्या पाण्यात काही जगत नाही. जीव असतात ते भिंतींत, जिथे गरम आणि थंड पाणी मिसळतं. २००३ मध्ये १२१ अंशाला वाढणारा एक आर्किया नोंदला गेला. दवाखान्यातली उपकरणं आपण नेमकी याच तापमानाला निर्जंतुक करतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दाबाखाली १२२ अंशाला मिथेन बनवणारा दुसरा दाखवला. तो हिंद महासागरातला, मध्य हिंदी कटक या तळावरच्या डोंगररांगेतल्या काइरेई झऱ्यांचा. त्याच झऱ्यांवर २००१ साली लोहाच्या खवल्यांचं चिलखत घालणारी गोगलगाय सापडली. तीसुद्धा घशातल्या ग्रंथीत पाळलेल्या जिवाणूंवर जगते.

डॉक्टरांकडची निर्जंतुक उपकरणं म्हणून असुरक्षित ठरत नाहीत. माणसाच्या ३७ अंशांना हे जीव वाढतच नाहीत.

९. दहा कोटी वर्षांपूर्वीचे जिवाणू जिवंत केले, ही बातमी खरी होती का?

हो. दक्षिण प्रशांत महासागराच्या मध्यावर तळाचा गाळ इतका सावकाश साचतो, की शंभर मीटरही न खोदता डायनासोरांच्या काळात पोचतो. १० कोटी १५ लाख वर्षं जुन्या थरातल्या जिवाणूंना जपानी-अमेरिकी गटाने अन्न दिलं, आणि त्यांतले बहुतेक खाऊ लागले, वाढले. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

खोच अशी, की तीच पेशी दहा कोटी वर्षं बसून होती असा याचा अर्थ नाही. गाळ इतका घट्ट आहे की बाहेरून नवे येणं अवघड, म्हणजे वसाहत जुनीच. पण आतल्या आत, जेमतेम मिळणाऱ्या ऊर्जेवर, फार क्वचित विभाजन झालेलं असू शकतं.

आपल्याकडचं उदाहरण कमी गाजलं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांच्या गटाने हिंद महासागरातल्या चागोस गर्तेतून, सुमारे ५,९०० मीटर खोलीवरून आणलेल्या गाळात लाखो वर्षं गाडली गेलेली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवली. खोल समुद्र म्हणजे फक्त जिवाणू या समजाला तेव्हा चांगलाच धक्का होता.

१०. अरबी समुद्रात "डेड झोन" आहे म्हणतात. मग मासे कुठून येतात?

यात दोन गोष्टींची गल्लत होते.

पहिली कायमची. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या दरम्यान पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. जगातल्या मोजक्या मोठ्या अशा थरांपैकी हा एक. कारण असं, की दोन्ही मोसमी वाऱ्यांमुळे वरचं पाणी पोषक होऊन प्लवक भरपूर उगवतं, मरतं, खाली पडतं, आणि ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात. उत्तरेला जमीन असल्याने तिकडून थंड, ताजं पाणी यायला वाट नाही. मासे वरच्या थरात असतात, त्यामुळे बाजारात सुरमई येतेच. आणि हा थर "मेलेला" मुळीच नाही. ऑक्सिजन संपल्यावर तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. समुद्रातलं खत असं हवेत परत जातं. त्यात थोडा नायट्रस ऑक्साइडही सुटतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट तापवणारा वायू आहे.

दुसरी हंगामी. पावसाळ्यात आणि त्यानंतर, साधारण ऑक्टोबरपर्यंत, खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उथळ मंचावर सरकतं. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण असतं, त्यामुळे हवा मिसळत नाही. कधी तळाशी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा तयार होतो. तळाशी राहणारे मासे, कोळंबी तेव्हा जागा सोडतात. गोव्याच्याच एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की या काळात आपल्या किनाऱ्यावर नायट्रस ऑक्साइड विलक्षण प्रमाणात तयार होतो. शेतातून वाहून येणारं खत यात भर घालतं असं त्यांचं मत. या दुसऱ्या प्रकाराची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होत नाही.

११. रात्री लाटा निळ्या चमकतात. ते जिवाणू असतात का? प्रदूषणाचं लक्षण आहे का?

आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा ती नॉक्टिल्युका असते. एकच पेशी, पण जिवाणू नव्हे. नीट पाहिली तर डोळ्यांनाही टिंबासारखी दिसते. लाट फुटली, पाय पडला, वल्हं मारलं की ती चमकते आणि विझते. दिवसा तेच पाणी हिरवट किंवा तांबूस दिसतं. हिरवी नॉक्टिल्युका पोटात हिरवी शैवालं बाळगून असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात तिचे मोठाले बहर येऊ लागले आहेत.

सांडपाण्याशी संबंध? काही ठिकाणी असू शकतो, पण थंडीत वारे पाणी घुसळून खालची पोषकद्रव्यं वर आणतात तेवढंही बहराला पुरतं. चमक दिसली की लगेच महापालिकेवर खापर फोडण्यात अर्थ नाही. बहर मरू लागला की अमोनिया सुटतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. माशांना त्रास होतो तो तेव्हा.

जिवाणूंचा उजेड वेगळा ओळखू येतो: हालचाल नसतानाही सलग, पांढुरका. जानेवारी १९९५ मध्ये सोमालियाजवळ ‘लिमा’ या जहाजाने असा दुधाळ समुद्र पाहिला. दहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या रात्रींची उपग्रहचित्रं काढून पाहिली, तर सुमारे १५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्ख्या नाशिक जिल्ह्याएवढं, पाणी तीन रात्री उजळलेलं होतं. हे जिवाणू दाटीने जमल्यावरच चमकतात. एकेकटे असताना उजेड खर्च करत नाहीत.

१२. फ्रिजमधली कोळंबी अंधारात निळसर चमकली! फेकून देऊ?

हेही जिवाणूच, बहुधा फोटोबॅक्टेरियम. ते समुद्रातून माशासोबत येतात आणि थंडीत वाढतात. ते स्वतः सहसा आजारी पाडत नाहीत. पण ते दिसण्याइतके वाढले असतील तर माल ताजा नाही आणि साठवण ढिली आहे, हे नक्की. वास, चिकटपणा पाहा. शंका आली तर टाकून द्या.

१३. बांगडा नेहमी खातो. एकदाच खाऊन तोंड लाल झालं, गांध्या उठल्या. ॲलर्जी सुरू झाली का?

कदाचित नाही. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ॲलर्जीत शरीर जे सोडतं ते आयतं ताटात येतं. चेहरा लाल, डोकेदुखी, धडधड, तोंडात तिखटसर चव, तेही जेवल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत. ध्यानात ठेवायचं ते हे, की शिजवून, तळून किंवा नंतर डीप फ्रीज करून हिस्टामीन जात नाही. वासावरूनही खात्रीने कळत नाही. बर्फ होडीवरच पडायला हवा. श्वास लागला तर मात्र कारण शोधत बसू नका, दवाखान्यात जा.

माशाचा नेहमीचा वास ही वेगळी गोष्ट. माशाच्या शरीरातल्या ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडमधून जिवाणू ऑक्सिजन काढून घेतात, आणि उरतं ते वासाचं द्रव्य. हाच पदार्थ खोल समुद्रातल्या माशांत जास्त असतो, कारण तो प्रथिनांना दाबापासून सांभाळतो (प्रश्न ६).

१४. समुद्रात पोहून किंवा कालवं खाऊन जंतुसंसर्ग होतो का?

बहुतेक समुद्री सूक्ष्मजीवांना माणसात रस नाही. सावध राहायचं ते व्हिब्रिओ या जिवाणूंच्या गटापासून, आणि तेही कोमट, मचूळ खाडीच्या पाण्यात. उघडी जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी कच्ची, अर्धकच्ची कालवं टाळावीत. आपल्याकडे ती शिजवूनच खातात, हे बरं आहे.

कॉलराचा जिवाणू याच गटातला. तो प्लवकातल्या कोपेपॉड नावाच्या इवल्या प्राण्यांना चिकटून राहतो, असं अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांनी दाखवलं. जिवाणू कापडातून आरपार जातो, कोपेपॉड जात नाही. म्हणून बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या घडीतून पाणी गाळायला सांगितलं. कॉलराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हे संशोधन २००३ सालचं.

१५. खारवलेल्या माशावर गुलाबी डाग आले. मीठ असताना जीव वाढतो कसा?

मीठ हवं असतं म्हणूनच. हे मीठप्रेमी आर्किया साध्या समुद्राच्या पाण्यात तग धरत नाहीत, त्यांच्या पेशी फुटतात. मिठागरात पाणी आटत आलं की शेवटच्या कोंडीत येणारी तांबूस-गुलाबी झाक त्यांचीच, आणि बहुधा मिठातूनच ते माशावर येतात. विषारी नसतात, पण मासा मऊ पडतो, कुबट वास येतो.

१६. प्लास्टिक आणि तेल खाणारे जिवाणू समुद्र साफ करतील ना?

तेलाच्या बाबतीत थोडंफार. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात सुमारे १,५०० मीटर खोलीवर तेलविहीर फुटली तेव्हा तेलावर जगणारे जिवाणू खोल पाण्यातच झपाट्याने वाढले. पण हलके घटक आधी संपतात, जड डांबर उरतं. पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे तेलाचे काळे गोळे म्हणजे तेच उरलंसुरलं.

प्लास्टिकबाबत आशा ठेवू नका. २०१६ मध्ये गाजलेला प्लास्टिकखाऊ जिवाणू समुद्रातला नव्हताच, जपानमधल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळचा होता. समुद्रातल्या प्लास्टिकवर जिवाणूंची दाट वस्ती असते, पण ते बहुतांशी त्यावर राहतात, त्याला खात नाहीत. खोल पाण्यात काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

१७. यातून औषधं मिळाली का?

तुमच्या घरात असतील. सेफिक्सीम, सेफॅलेक्सिन या प्रतिजैविक गोळ्यांचं मूळ १९४५ साली इटालियन डॉक्टर ज्युसेप्पे ब्रोत्सू यांनी इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर, गटार समुद्राला मिळतं तिथून, वेगळ्या केलेल्या बुरशीत आहे.

१८. भारत समुद्रतळावरून धातूचे गोळे काढणार आहे. तिथल्या सूक्ष्मजीवांचं काय?

मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा गोळ्यांचा शोध घ्यायचा हक्क भारताकडे आहे. ६,००० मीटरपर्यंत माणसं नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था घडवते आहे. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. पण गोळा उचलणं ही त्यातली छोटी बाब. यंत्र गाळाचा वरचा थरच खरवडतं, आणि तिथलं बहुतेक जीवन त्या काही सेंटिमीटरांत असतं.

परिणाम किती टिकतो याची चाचणी झालेली आहे. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूसमोर चार हजार मीटरहून खोल तळावर मुद्दाम नांगर फिरवला. २६ वर्षांनी पाहिलं तर नांगराच्या चरांच्या रेषा ताज्या असाव्यात तशा दिसत होत्या. सर्वांत जास्त खरवडलेल्या जागी सूक्ष्मजीवांची क्रियाशीलता चौथ्या हिस्स्यावर आलेली होती. ती पूर्ववत व्हायला किमान पन्नास वर्षं लागतील असा त्यांचा हिशेब आहे. आणि तो नांगर खऱ्या खाणयंत्रापेक्षा पुष्कळ सौम्य होता.